झाकली मूठ आणि गोठ्यातला रोग

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपल्याकडे म्हणतात. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, हा त्यातला शहाणपणा. पण तोच शहाणपणा गोठ्यात वापरला, तर साऱ्या गावाची दावण ओस पडू शकते. लम्पीच्या साथीने हा धडा आपल्याला दिला आहे.

हा विषाणूजन्य रोग १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात प्रथम आढळला. भारतात त्याची नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली, आणि २०२२ साली त्याने गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रात हाहाकार उडविला. जनावराला ताप येतो, अंगभर गाठी उठतात, दूध आटते, गाभण गाय गाभ टाकते. मृत्यूचे प्रमाण सामान्यतः शेकडा एक ते पाच सांगतात. आकडा लहान वाटतो. परंतु ज्याच्या दावणीला एकच गाय आहे, त्याचे सर्वस्वच जाते!

रोग पसरतो कसा? चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडी तो पसरवितात. सामाईक कुरणे, सामाईक पाणवठे व नव्याने विकत आणलेली जनावरे यांमुळे धोका वाढतो, असे इथिओपियातील अभ्यासकांना २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. आपल्या खेड्यांचे चित्र याहून वेगळे आहे काय? एकाने आजारी जनावर लपविले, तर शेजाऱ्याला आपले जनावर वेगळे बांधण्याचीही संधी मिळत नाही.

मग लोक लपवितात का? अडाणीपणाने, असे शहरातले लोक चटकन म्हणतात. मला ते पटत नाही. दुधाच्या पैशांवर ज्या घरात मुलांची फी भरली जाते, अशाच घरातून मी आलो आहे. दूध कोणी घेणार नाही, जनावराला गिऱ्हाईक मिळणार नाही, ही भीती खोटी नसते. २००९ च्या कायद्याने रोगाची खबर देणे पशुपालकावर बंधनकारक केले. २०२२ मध्ये शासनाने मृत गाईसाठी तीस हजार, बैलासाठी पंचवीस हजार व वासरासाठी सोळा हजार रुपये मदत जाहीर केली. हे योग्यच झाले. परंतु जगलेल्या गाईच्या आटलेल्या दुधाचे काय? खरे बोलणाऱ्याला तोटा होणार असेल, तर नुसत्या कायद्याने खरे बाहेर येणार नाही. वेळेवर खबर देणाऱ्याला आजाराच्या काळातही आधार मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे अशक्य नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी जिची धास्ती घेतली, ती बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. लसीइतकाच त्यात गावोगाव फिरून घेतलेल्या शोधाचा वाटा होता.

आपल्यापैकी अनेकजण घराण्यातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. गावातील जनावरांची, लसीकरणाची व आजाराची नोंदवही आपण ठेवली, तर आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्याच गोठ्याला होईल. मित्रांनो, मूठ उघडण्याची सुरुवात आपणच करूया!