पाणी दिलेल्या पोलादास घरी भोक पाडावे काय ?

अलीकडे बहुतेक बागाईतदारांचे घरी विजेवर चालणारे हातड्रिल व ग्राइंडर ही साधने आली आहेत, व ही गोष्ट आमच्या मते इष्टच आहे. ज्याचे घरी अवजार, त्याचे घरी त्याच्या दुरुस्तीची सोयही असावी. तथापि त्याबरोबर एक घातक चाल पडू लागली आहे, तिजकडे सभासद बंधूंचे लक्ष वेधणे अवश्य वाटते. रोटाव्हेटरचे नवे पाते आणिले व त्याचे भोक जुन्या बोल्टाशी एक-दोन मिलिमीटरने जमेना, की पाते ड्रिलखाली घालावयाचे; ड्रिल चालेना, तर वेल्डिंगच्या दुकानी नेऊन गॅसच्या ज्योतीने भोक मोठे करून आणावयाचे. काम दोन मिनिटांत होते खरे. परंतु ज्या गुणासाठी आपण पैसे मोजले, तो गुणच त्या दोन मिनिटांत जळून जातो.

पोलादास पाणी देणे ही क्रिया आपणांस नवी नाही. गावचा लोहार विळा लाल तापवून पाण्यात बुडवितो, तेच काम कारखान्यात मोजूनमापून होते. पोलाद सुमारे ८०० ते ८५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण पण ठिसूळ होते. मग पुन्हा बेताने तापविले म्हणजे ठिसूळपणा जाऊन चिवटपणा येतो. पात्याची धार अधिक कठीण व बोल्ट बसण्याचा देठ त्याहून चिवट ठेवितात, तो अशासाठी की, दगड लागला असता देठाने धक्का सोसावा. त्या देठास ज्योतीने भोक पाडले म्हणजे काठाशी पोलाद ठिसूळ होते, त्यापलीकडे मऊ पडते, आणि काठही खडबडीत राहतो. तडा जाण्यास याहून सोयीची जागा कोणती ? फिरत्या रोटरवरून तुटलेले पाते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

यावर कोणी म्हणेल की, वापसा कोणासाठी थांबत नाही. तालुक्याच्या गावी जाऊन योग्य भाग आणावा तर दिवस मोडतो. हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच भोक मुळीच पाडू नये असे आम्ही म्हणत नाही. कोठे पाडावे, कसे पाडावे व कोठे हात लावू नये, याचा विवेक असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम कानशीने परीक्षा करावी. कानस चावली तर साध्या हायस्पीड बिटाने काम होण्याजोगे आहे. कानस नुसती घसरली तर ते बिट वाया जाणार हे समजावे. मधल्या प्रतीच्या पोलादास कोबाल्टमिश्रित बिट घ्यावे. दाब भरपूर, वेग कमी आणि तेल सतत, हा येथील नियम. १० मिलिमीटरचे बिट मिनिटास सुमारे २०० फेऱ्यांनी चालावे. हातड्रिलचा घोडा पुरा दाबला तर ते याच्या दसपट फिरते, व धार निळी पडून जाते ती यामुळेच. फार कठीण भागास टंगस्टन कार्बाइडचे बिट लागते. ते कठीण तितकेच ठिसूळ असल्यामुळे हात हलताच मोडते. सबब भाग घट्ट आवळून ते स्टँडच्या ड्रिलवरच वापरावे. असलेले भोक किंचित मोठे करणे असेल तर बिट काठात अडकून मनगट मुरगळते. त्यापेक्षा हिरेकणीच्या अगर ग्राइंडिंगच्या लहान गोल दगडाने थोडथोडे घासावे व मधून मधून थांबावे. भाग निळा पडला तर तो सुमारे ३०० अंशांवर गेला व तेथील पाणी उतरण्याचा संभव आहे असे समजावे. डोळ्यांस चष्मा हवाच. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे मात्र नकोत.

आता जेथे हात लावू नये ती स्थळे. ट्रॉलीची हुकपिन, टॉपलिंकच्या पिना, चाकाचे, ब्रेकचे व स्टिअरिंगचे भाग यांत घरी भोक पाडणे आम्ही सर्वथा निषिद्ध मानितो. महसुलाच्या दप्तरात आमचा जन्म गेला, म्हणून हिशेबच मांडून दाखवितो. ४० मिलिमीटर रुंद पट्टीत १२ मिलिमीटरचे भोक असता धातू २८ मिलिमीटर उरतो. भोक १६ केले की २४ उरतो. भोक चारच मिलिमीटरने वाढले, पण भार सोसणाऱ्या धातूचा सातवा हिस्सा गेला. भोक न वाढविता बारीक बोल्ट घालून वेळ मारून नेणे हेही तितकेच वाईट. सैल बोल्ट हिसक्याने तुटतो.

खरा उपाय भोक पाडण्यात नसून खरेदीत आहे. प्रत्येकाने आपल्या अवजारांची एक लहान नोंदवही ठेवावी; तीत बोल्टाची जाडी, भोकाचा व्यास व दोन भोकांमधील अंतर लिहावे, आणि नवा भाग आणावयास जाताना जुना भाग बरोबर न्यावा. संस्थेनेही एक स्टँडचे ड्रिल, एक मजबूत व्हाइस व निवडक बिटे ठेवून ती सभासदांस माफक भाड्याने वापरू द्यावीत, अशी आमची सूचना आहे. एकट्याने महाग बिट घेऊन पहिल्याच दिवशी मोडण्यापेक्षा दहा जणांत ते वर्षभर टिकेल. पुढील सभेत या सूचनेचा विचार व्हावा. हंगाम तोंडावर येण्यापूर्वी ही व्यवस्था झाली, तर ऐन पेरणीत कोणास गॅसच्या दुकानाकडे धावण्याची पाळी येणार नाही.