झाकण मिटलं की लॅपटॉप झोपला पाहिजे

प्रति,
मा. महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, पुणे



पुण्यात इंजिनिअरिंगची मुलं लॅपटॉपचं झाकण मिटतात, तो सॅकमध्ये टाकतात आणि पीएमपीची बस पकडतात. कॉलेज येईपर्यंत सॅक गरम झालेली असते, बॅटरी तळाला गेलेली असते. लॅपटॉप वाटेतच जागा झालेला असतो. लिनक्स वापरणाऱ्यांच्या हा त्रास चांगला ओळखीचा आहे. ‘झोपवू नकोस, बंदच करत जा’ या सल्ल्यावर त्यांची बोळवण होते. हे बदलणं आपल्या संस्थेच्या हातात आहे.

झोपेच्या जुन्या एस-थ्री पद्धतीत रॅम सोडून जवळपास सगळं बंद होई. अनेक नव्या लॅपटॉपवर ती पद्धतच नाही. तिथे प्रोसेसर नुसता निवांत पडून राहतो. कीबोर्ड, टचपॅड, यूएसबी यांपैकी ज्याला उठवण्याची मुभा आहे, त्याच्या एका इंटरप्टने, म्हणजे इशाऱ्याने, तो जागा होतो. ही मुभा बरीचशी फर्मवेअरमधल्या एसीपीआय तक्त्यांवरून ठरते. तिथे चूक असली, की कुणी हात न लावताही मशीन उठतं. एएमडीच्या सेझान प्रोसेसरवर जुन्या फर्मवेअरमुळे कीबोर्डचा, म्हणजे एक नंबरचा, इंटरप्ट असाच नडत होता. २०२३ साली लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याची मुभा काढून घेतली गेली.

जाणकार मुलं कोणत्या इंटरप्टने मशीन उठलं ते शोधतात आणि त्या उपकरणाची मुभा बंद करणारी स्क्रिप्ट लिहितात. पण ती त्यांच्याच मशीनपुरती राहते. एखादी जीपीआयओ पिन दोषी असेल, तर लॅपटॉपचं मॉडेल आणि पिनचा नंबर नोंदवणाऱ्या मोजक्या ओळी कर्नलमध्ये पुरतात. त्या मूळ कर्नलमध्ये गेल्या, की ते मॉडेल वापरणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न सुटतो. डेबियनवर बेतलेल्या आपल्या संस्थेच्या बॉस या ऑपरेटिंग सिस्टिमलाही त्या आपसूक मिळतात.

म्हणून तीन विनंत्या. आपल्या अ‍ॅक्ट्‌स या प्रशिक्षण विभागातल्या एम्बेडेड पदविकेत अशी एक दुरुस्ती शेवटापर्यंत नेणं, हा प्रोजेक्ट म्हणून मान्य करावा. विद्यार्थी सर्रास घेतात त्या लॅपटॉपवर झोप-जाग तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा पुण्यात सुरू करावी. आणि दोष कसा शोधायचा, कसा कळवायचा, याची मराठी पुस्तिका काढावी. मुलांचे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, त्यांच्याच नावाने मूळ कर्नलकडे जावेत. परीक्षणात ते परत आले, तर पुन्हा सुधारून पाठवायला त्यांना मार्गदर्शक मिळावा, कारण बहुतेक जण तिथेच हात टेकतात.

महासंगणक बाहेरून मिळेना, तेव्हा १९८८ साली आपली संस्था उभी राहिली आणि १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक घडवला. लिनक्सही त्याच वर्षीचं. त्याचा कोड आपल्याला कुणी नाकारलेला नाही, तो सगळ्यांसाठी खुला आहे. इतकी वर्षं आपण तो वापरत आलो. आता त्यात पुण्याची भर पडावी, आणि तिची सुरुवात येत्या तुकडीपासूनच व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
पुण्यातला एक लिनक्स वापरकर्ता