वेग, पेट्रोल आणि पोस्टमनची सायकल

पेट्रोल महागले की सरकारकडून कामगाराला दोन गोष्टी हमखास मिळतात. एक, जागतिक परिस्थितीचे कारण. दुसरी, काटकसरीचा उपदेश. कारणाकडे पुढे वळू. उपदेशाबद्दल मात्र सुरुवातीलाच मान्य केले पाहिजे की तो खोटा नाही. गाडी बेताने हाकली तर पेट्रोल वाचते. प्रश्न एवढाच आहे की, बेताने हाकण्याइतका वेळ कामगाराच्या हाती ठेवला आहे काय?

आधी वेगाचा हिशेब पाहू. गाडीला सर्वात मोठा अडथळा वाऱ्याचा. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरवरून ७० वर गेल्यास वेग दीडपटही होत नाही, पण वाऱ्याचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वात किफायतशीर असल्याचे वर्षानुवर्षे सांगत आली आहे.

रेल्वे कामगाराला हे नव्याने शिकवायला नको. दरेकसा-डोंगरगडच्या चढउतारावर गाडी चालवणारा जाणता चालक उतारावर गाडी मोकळी सोडतो, पुढचा सिग्नल हेरून आधीच जोर कमी करतो आणि विनाकारण ब्रेक लावत नाही. ब्रेकमध्ये जाते ती आधी इंधन जाळून मिळवलेलीच ताकद. मोटारसायकलला हाच नियम लागू आहे.

दुर्गहून जी. ई. रोडने रोज रायपूरला येणाऱ्या आपल्या एखाद्या बांधवाचे उदाहरण घेऊ. अंतर सुमारे ४० किलोमीटर. येणे-जाणे ८०, महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर. ताशी ५० च्या वेगाने गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असे धरू. म्हणजे ४० लिटर. ताशी ७० ने हाकल्यावर तीच गाडी ४० किलोमीटर देऊ लागली, तर ५० लिटर. रायपुरात २०२४-२५ मध्ये पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या आसपास होते. म्हणजे महिन्याला १,००० रुपये वाऱ्यावर गेले. बदल्यात मिळाले काय? एका खेपेला कागदावर १४ मिनिटे. महिन्याचे सुमारे साडेअकरा तास. त्यातला बराच वेळ भिलाई, टाटीबंध आणि पुढच्या चौकांतले सिग्नल परत घेतात. ज्यांची ड्युटी लोकलच्या वेळेशी जुळते, त्यांनी पासावर प्रवास करणे केव्हाही शहाणपणाचे.

पैशाहून मोठा हिशेब जिवाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतले सुमारे ७० टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले आणि मृतांमध्ये शेकडा ४४ हून अधिक दुचाकीस्वार होते. घरातला कमावता माणूस गेल्यावर वाचलेल्या मिनिटांचा हिशेब कोणी विचारत नाही.

पण म्हणून सारा दोष कामगाराच्या मनगटावर टाकता येणार नाही. तो वेगाने जातो, कारण त्याला तसे जायला लावले जाते. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, एका पोस्टमनकडे दोन बीट येतात, पत्रांच्या जागी पार्सलांचे ओझे वाढते आणि वितरणाची नोंद त्याच दिवशी झालीच पाहिजे असा तगादा असतो. अशा वेळी ‘सावकाश जा’ ही पाटी म्हणजे थट्टा आहे.

खर्च कोणाच्या खिशातून होतो तेही पाहा. सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता बंदच करण्याची शिफारस केली होती. सरकारने २०१७ साली टपाल खात्यातील पोस्टमन आणि रेल्वेतील ट्रॅकमन यांच्यासाठी तो कायम ठेवला आणि दरमहा ९० रुपयांचे १८० रुपये केले. पुढे त्यात चौथाईची भर धरली, तरी रक्कम सव्वादोन लिटर पेट्रोलच्या पलीकडे जात नाही. शहर चारी दिशांनी पसरले, बीट लांबली, पोस्टमन स्वतःच्या मोटारसायकलवर आला. खात्याच्या कागदावर मात्र तो अजून सायकलवरच आहे. खात्याचे काम आणि पेट्रोल कामगाराचे, असा हा न्याय!

आता कारणाबद्दल. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८५ टक्के आयात होते, हे खरे. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव जवळपास चौपट झाले तेव्हा अमेरिकेने ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा देशभर लागू केली; ती १९९५ पर्यंत टिकली. आपल्याकडे त्याच तेलाने महागाईत भर घातली आणि त्या होरपळीतच १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी ८ ते २७ तारखेपर्यंत ऐतिहासिक संप केला. तेल महागल्याची झळ आपण सोसली आहे. पण तेल स्वस्त झाल्याचा लाभ कोणाला मिळाला? २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होते. मे २०२० मध्ये, जगात तेलाचे भाव कोसळलेले असताना, ते ३२ रुपये ९८ पैसे झाले. २०२१ मध्ये ५ आणि २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले, तेव्हा त्याचीच जाहिरात झाली. भाव बाजाराच्या हवाली करायचे आणि बाजार उतरला की कर चढवायचे, याला बाजाराचा नियम म्हणत नाहीत.

२०२५ च्या नोव्हेंबरात आठवा वेतन आयोग स्थापन झाला. त्याच्यापुढे आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. पहिली, सायकल भत्त्याच्या जागी प्रत्यक्ष बीटच्या अंतरावर आधारलेला वाहन भत्ता द्यावा. दुसरी, तो पेट्रोलच्या भावाशी जोडावा, दहा वर्षांनी येणाऱ्या आयोगाशी नव्हे. तिसरी, ग्रामीण डाक सेवकांनाही तो मिळावा. खेड्यातल्या रस्त्यावर पेट्रोल स्वस्त मिळत नाही. चौथी, बीटची आखणी करताना सुरक्षित वेग हा आधार मानावा.

या मागणीसाठी पुरावा लागेल. म्हणून प्रत्येक शाखेने एक काम हाती घ्यावे. सदस्यांनी तीन महिने रोजचे अंतर, भरलेले पेट्रोल आणि वाटलेली डाक यांची साध्या वहीत नोंद ठेवावी. वाऱ्यावरच्या तक्रारीला प्रशासन भीक घालत नाही. शंभर वह्यांतले आकडे मात्र त्याला टाळता येत नाहीत.

तोपर्यंत काटा पन्नासच्या आसपास ठेवा, टायरमधली हवा तपासा, हेल्मेट घाला. वाचलेला पैसा आपल्या मुलाबाळांचा आहे. पण काटकसर हा आपला संसार सांभाळण्याचा मार्ग आहे. भत्त्याचा हक्क सोडून देण्याचा नव्हे. गाडी सावकाश चालवू या, आंदोलन मात्र नेटाने!