निगेटिव्ह कंट्रोलमधला पट्टा

माझी मामेबहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी बंगळुरूच्या एका लॅबमध्ये काढून परत आली. आपल्याकडच्या तीन विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या पोरांना दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात ना, तसलीच एक योजना. रविवारी मामाकडे जेवायला गेलो तर वातावरण गरम. मामाने थेट मलाच विचारलं, "तू इंजिनिअर ना? मग सांग. दोन महिने घालवून रिझल्ट शून्य. याला काय म्हणायचं?"

तेव्हा काही सुचलं नाही (समोर वालाचं बिरडं होतं). म्हणून आता लिहितोय.

तिच्याकडे काम होतं पीसीआरचं. म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या भरमसाट प्रती काढायच्या. ९५ अंशांना तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटे होतात, ५५च्या आसपास आणलं की प्रायमर चिकटतात, ७२ला एन्झाइम नवा धागा विणतं. अशा तीस फेऱ्या. दर फेरीला दुप्पट, म्हणजे कागदावर तरी एकाचे शंभर कोटींच्या वर! मग तो माल जेलमध्ये घालून वीज सोडायची आणि पट्टे बघायचे. जोडीला एका नळीत डीएनएच घालत नाहीत, त्याच्या जागी नुसतं पाणी. हा निगेटिव्ह कंट्रोल. त्यात काहीही दिसता कामा नये.

हिच्या त्या नळीतही पट्टा. तेवढाच, तिथेच.

आमच्याकडे बग आला तर कोड बदला, रन करा, दोन मिनिटांत कळतं. तिथे मशीनचे दोन-अडीच तास, वर जेलचा तास, शिवाय पीएचडीवाल्या सिनियर्सची रांग. दिवसाला फार तर दोन प्रयत्न. पाणी बदललं. पट्टा. प्रायमर नव्याने पातळ केले. पट्टा. पिपेट पुसले, टिप्स पुन्हा ऑटोक्लेव्ह केल्या, टेबलसुद्धा बदललं. पट्टा. "दादा, स्वप्नात पण दिसायचा रे," म्हणाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तारीख टाकून वहीत लिहायची, असं करत साडेतीन आठवड्यांनी चोर सापडला. बफरची बाटली! आणि ती अख्खी लॅब वापरत होती. एका सिनियरला आपले मागचे जेल पुन्हा करावे लागले म्हणे.

मूळ काम अर्थातच अर्धवट राहिलं. हे सगळं तिने रिपोर्टमध्ये लिहिलं, तर कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "ते पान काढ, एखादा चांगला जेलचा फोटो लाव."

इथे माझी सटकली. चांगला फोटो तर सिनियरकडूनही मागून आणता येतो! दोन महिने नुसत्या बाटल्या धुतलेला पोरगाही तो लावू शकतो, आणि मग त्याच्यात आणि हिच्यात फरक काय राहिला? अख्ख्या रिपोर्टात तिचं स्वतःचं असं तेच एक पान आहे, आणि नेमकं तेच काढायचं.

आणि उन्हाळ्यातल्या कामाला लगेच रिझल्ट मागणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पीसीआरमध्ये ज्या एन्झाइममुळे एवढी उष्णता चालते, ते टॅक पॉलिमरेज यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. १९६६ साली प्रोफेसर थॉमस ब्रॉकबरोबर तो जिवाणू वाढवणारा हडसन फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. पीसीआरची कल्पना कॅरी मलिसला सुचली १९८३ मध्ये. मधली सतरा वर्षं फ्रीझच्या मामाला काय सांगायचं होतं?

आता माझी बहीण काही हडसन फ्रीझ नव्हे. तिने जगाला उपयोगी पडेल असं काही शोधलेलं नाही, एक बिघडलेली बाटली शोधली. पण स्वतःच्याच हातावर तीन आठवडे संशय घेत, वैतागून सोडून न देता शोधली. आमच्या टीममध्ये एवढं करणारे फार थोडे आहेत. (मी धरून.)

असो. पान तिने काढलेलं नाही, मार्क गेले तर गेले म्हणते. काल मामाला फोन करून अर्धा तास पाण्यातला पट्टा समजावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे बाटलीच खराब होती होय? मग तिने तसं सांगायचं ना!"