नको असेल त्याने घेऊ नये?

परदेशाशी व्यापारी करार होऊ घातला, की तिकडून येणाऱ्या अन्नाच्या दर्जाविषयी कोणी ना कोणी शंका काढतो; आणि त्याला एक ठरावीक उत्तर मिळते : "माल बाजारात येऊ द्या; ज्याला हवा तो घेईल, नको असेल त्याने घेऊ नये." ऐकायला हे मोठे उदार वाटते. ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा त्यात गौरव आहे, असेही भासते. आमच्या मते हे उत्तर उदार नाही आणि खरेही नाही.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. त्या देशाने २०२० साली युरोपीय संघ सोडला. अमेरिकेशी करार करायचा, तर अमेरिकन कोंबडीही स्वीकारावी लागेल काय, हा वाद तेथे वर्षानुवर्षे गाजला. अमेरिकेत कापलेली कोंबडी क्लोरीनसारख्या जंतुनाशकांनी धुण्यास मुभा आहे. युरोपात १९९७ पासून ती केवळ पाण्यानेच धुवावी लागते. हे द्रव्य विष आहे म्हणून ही बंदी आहे, असे मात्र कोणी समजू नये. युरोपच्याच अन्नसुरक्षा संस्थेने २००५ साली, ठरल्या रीतीने वापरल्यास अशा द्रव्यांपासून धोका दिसत नाही, असा निर्वाळा दिला होता. बंदीमागचा विचार निराळा आहे. शेवटी सारे धुऊन काढता येते म्हटले, की आधीची घाण खपवून घेतली जाते. खुराड्यापासून कत्तलखान्यापर्यंत पायरीपायरीवर स्वच्छता राखणे खर्चाचे असते. शेवटची आंघोळ स्वस्त पडते. ८ मे २०२५ रोजी दोन्ही देशांत समझोता झाला. १३ हजार टन गोमांसाला वाट मिळाली. परंतु क्लोरीनने धुतलेली कोंबडी आणि हार्मोन्स देऊन पोसलेल्या गुरांचे मांस दाराबाहेरच राहिले.

समजा, ते आत आले असते, तर "नको असेल त्याने घेऊ नये" हे कोणाला साधले असते? दुकानात उभे राहून वेष्टणावरचा मजकूर वाचणाऱ्याला. पण शाळेच्या भोजनगृहात, इस्पितळाच्या ताटात, उपाहारगृहाच्या रश्श्यात वेष्टण कोठे असते? स्विंडनसारख्या शहरी पोटासाठी गेलेला आमचा गोवेकर बांधव पाळी संपवून जे समोर येईल ते खातो. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे असतात, त्याच्या वतीने किंमतच निवड करते. म्हणून आम्ही म्हणतो, की निवड दुकानाच्या फळीपाशी सुरू होत नाही; ती करारातल्या कलमापाशी सुरू होते.

आपल्या देशात हाच प्रश्न दुधाच्या रूपाने उभा आहे. ज्या जनावरांना रक्ताची भुकटी किंवा रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव व मांस यांपासून केलेले खाद्य कधीही दिलेले नाही, त्यांच्याच दुधाचे पदार्थ भारत आत येऊ देतो व तसा दाखला मागतो. अमेरिका म्हणते, याला शास्त्राचा आधार नाही. २०१९ साली तिने भारतीय मालाची शुल्कसवलत काढून घेतली. त्याआधीच्या तक्रारींत तेथील दूधव्यवसायाची ही तक्रारही होती.

आम्हां कॅथलिकांच्या पानात मांसाला मज्जाव नाही. "मग आपल्याला काय त्याचे?" असे म्हणण्याचा मोह आमच्या घरांत होऊ शकेल. तो आवरावा. ज्या शेजाऱ्याच्या देवघरात दुधाचा नैवेद्य असतो, त्याच्या सदसद्विवेकाचा निकाल प्रयोगशाळेत लागत नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या आम्हांला तरी, सदसद्विवेक ताटापर्यंत पोहोचतो, हे कोणी शिकवायला नको. आपल्या वेष्टणांवर शाकाहाराची हिरवी खूण छापली जाते. ती कायद्याने आली, आणि तिच्यापायी व्यापार काही थांबला नाही.

दर्जाच्या आडून आपल्याच उत्पादकांना पाठीशी घातले जाते, हा आक्षेप मात्र आम्ही झटकून टाकणार नाही. बर्ड फ्लूचे कारण देऊन भारताने २००७ साली अमेरिकन कोंबडीवर बंदी घातली. ती धोक्याच्या शास्त्रीय तपासणीवर आधारलेली नाही, असा निकाल जागतिक व्यापार संघटनेत २०१५ साली आपल्याविरुद्ध लागला. खोटे कारण पुढे केले, की खरे कारणही संशयास्पद ठरते. शिवाय आपले घर तरी कोठे निर्मळ आहे? युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांसाठी बागेची नोंद होते, नमुने घेतले जातात, कीटकनाशकांचा अंश तपासला जातो. गल्लीतल्या हातगाडीवरच्या द्राक्षांना तो दाखला कोण मागतो? परक्याच्या मुलासाठी एक माप आणि आपल्या मुलासाठी दुसरे, हे आम्हांला मान्य नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. अन्नाविषयीची कलमे सही होण्यापूर्वी लोकांपुढे यावीत. जनावर कसे पोसले आणि मांस कशाने धुतले, हे वेष्टणावर आपल्या भाषेत लिहिले जावे. आणि जे माप परक्या मालाला, तेच घरच्या मालाला असावे. जेवणापूर्वी आपण ज्या अन्नावर आशीर्वाद मागतो, ते काय आहे हे ठाऊक असण्याचा हक्क आपल्याला आहे. तो मिळेपर्यंत "नको असेल त्याने घेऊ नये" असे सांगणाऱ्याला आपण एवढेच विचारावे : नको म्हणायचे ते नेमके कशाला, हे आम्हांला कोण सांगणार?