विश्लेषण : महासागर ओलांडणाऱ्या आलिशान जहाजावरचा दिवस कसा असतो? शिरूर-दौंडच्या तरुणांनी तो का समजून घ्यावा?

‘क्रूझवर नोकरी, राहणे-जेवण मोफत, पगार डॉलरमध्ये’ अशा आशयाच्या जाहिराती मोबाइलवर सतत येत असतात. सोबत निळ्या समुद्रातील पांढऱ्या जहाजाचा फोटो असतो. समुद्रापासून दूर असलेल्या शिरूर-दौंडमध्येही त्या तितक्याच पोहोचतात. दौंडहून मुंबई रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि शिरूरला तर रेल्वेही नाही. त्यामुळे जहाजाचा अनुभव असलेले कोणी घरात, शेजारात सापडतेच असे नाही. विचारायचे तर एजंटलाच.

देशात क्रूझ पर्यटन वाढवण्यासाठी केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत सागरी क्रूझ प्रवाशांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. पुढील काही वर्षांत या जाहिराती कमी होण्याची शक्यता नाही. म्हणूनच, जहाज आठवडाभर किनारा न पाहता चालते तेव्हा त्यावरचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो, ते पाहू.

समुद्रात फिरणे आणि समुद्र ओलांडणे यात फरक काय?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारी क्रूझ दर एक-दोन दिवसांनी बंदर गाठते. प्रवासी उतरतात, फिरतात, परततात. महासागर ओलांडताना असे काही नसते. याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘क्वीन मेरी २’. २००४ पासून सेवेत असलेले हे जहाज इंग्लंडमधील साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा सुमारे सहा हजार किलोमीटरचा प्रवास साधारण सात रात्रींत करते. विमानाला याच अंतरासाठी आठ तास पुरतात.

जहाजाची लांबी ३४५ मीटर आहे. म्हणजे दौंडच्या फलाटावर उभ्या असलेल्या सुमारे चौदा डब्यांच्या गाडीइतकी. त्यात अडीच हजारांहून अधिक प्रवासी आणि बाराशेच्या आसपास कर्मचारी राहतात. आपल्याकडचे एखादे मोठे गावच आठवडाभर पाण्यावर असते. मधे ना दूध येते, ना भाजी, ना सुटे भाग. जे काही लागणार ते बंदर सोडण्यापूर्वीच भरून घ्यावे लागते.

प्रवाशाचा दिवस कसा जातो?

निवांत. सकाळी न्याहारी, मग डेकवर चालणे. ‘क्वीन मेरी २’च्या प्रोमेनेड डेकवरच्या तीन फेऱ्या म्हणजे सुमारे पावणेदोन किलोमीटर. त्यानंतर व्याख्यान, वाचनालय, तारांगण, जलतरण तलाव, दुपारचा चहा, रात्री नटूनथटून जेवण आणि नृत्य. पाळीव कुत्र्यांसाठीही स्वतंत्र कक्ष आहेत. दुपारी बाराला भोंगा वाजतो आणि जहाज कुठे आहे, समुद्र कसा आहे, हे कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून सांगतो.

जहाजावरचा दिवस २५ तासांचा कसा होतो?

कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत आपले घड्याळ एकच. अटलांटिकवर तसे नाही. साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या वेळेत पाच तासांचा फरक आहे. जहाज पश्चिमेकडे जाताना हा फरक एकदम न टाकता पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते. त्या दिवसांत २५ तास मिळतात. परतीच्या, म्हणजे पूर्वेकडच्या प्रवासात पाच दिवस २३ तासांचे होतात. प्रवाशासाठी ही गंमत असते. पहाटे उठून न्याहारी मांडणाऱ्यासाठी परतीचा प्रवास थकवणारा ठरतो, कारण दिवसातला तास कमी झाला तरी न्याहारी, जेवण आणि खोल्यांचे काम तेवढेच राहते.

पाणी आणि वीज येते कुठून?

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शिरूरच्या गावांना हा प्रश्न नक्की पडेल. जहाज पिण्याचे पाणी बरेचसे स्वतःच तयार करते. पद्धती दोन आहेत. पहिलीत समुद्राचे पाणी कमी दाबाच्या टाकीत तापवतात. दाब कमी असल्याने ते १०० अंशांच्या बरेच आधी उकळते, त्यामुळे इंजिनाची वाया जाणारी उष्णता त्यासाठी पुरते. वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. दुसरी पद्धत घरच्या आरओसारखीच, फक्त दाब कितीतरी जास्त.

विजेचे गणित दौंडकरांना समजायला सोपे आहे. डिझेल रेल्वे इंजिनात डिझेलने थेट चाके फिरत नाहीत. डिझेल वीज तयार करते आणि विजेच्या मोटारी चाके फिरवतात. ‘क्वीन मेरी २’ याच तत्त्वावर चालते. चार डिझेल इंजिने आणि दोन गॅस टर्बाइन मिळून सुमारे ११७ मेगावॉट वीज तयार करू शकतात. तिच्यावरच जहाजाखालचे पंखे फिरतात आणि तिच्यावरच वातानुकूलन, स्वयंपाकघर, लिफ्ट चालतात.

कचऱ्याचेही नियम आहेत. ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक जगात कुठेही समुद्रात टाकता येत नाही. म्हणून जहाजाच्या पोटात कचरा वेगळा करणे, दाबणे, जाळणे हे काम रात्रंदिवस सुरू असते. फोटोत न दिसणाऱ्या नोकऱ्यांपैकी ही एक.

त्याच दिवशी कर्मचारी काय करत असतो?

बंदर असलेल्या दिवशी निम्मे प्रवासी बाहेर असतात. दुपारचे जेवण हलके जाते आणि कर्मचाऱ्यालाही कधी तासभर उतरून घरी फोन करता येतो. समुद्र ओलांडताना सगळे प्रवासी सगळा वेळ जहाजावरच असतात. प्रत्येक जेवणाला गर्दी, प्रत्येक कार्यक्रमाला गर्दी. म्हणजे जो दिवस प्रवाशासाठी सर्वात निवांत, तोच कर्मचाऱ्यासाठी सर्वात भरलेला.

समजा, एका वेटरचा दिवस असा आहे : सकाळी साडेसहा ते साडेदहा न्याहारी, बारा ते अडीच दुपारचे जेवण, साडेपाच ते रात्री दहा रात्रीचे जेवण. एकूण काम ११ तास. कामाचे हे तुकडेच सुरुवातीला त्रास देतात. मधल्या दीड तासात धड झोप होत नाही, धड विश्रांती नाही. शिवाय प्रवासी जहाजावर आग आणि जहाज सोडण्याची कवायत दर आठवड्याला घ्यावी लागते. वेटर असो वा सफाई कामगार, आणीबाणीत प्रत्येकाचे काम ठरलेले असते.

आणि रविवार? तो नसतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गृहीत धरलेली असते. जहाजावर करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि तोवर सातही दिवस काम. सुट्टी करार संपल्यावर, घरी.

कामाच्या तासांना काही मर्यादा आहे की नाही?

आहे. ‘सागरी कामगार करार २००६’ हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यात देशांना दोनपैकी एक मापदंड निवडता येतो.

पहिला कामाचा : २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास आणि सात दिवसांत ७२ तास काम.

दुसरा विश्रांतीचा : २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. रोजची ही विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत मोडता येत नाही आणि त्यातील एक तुकडा किमान सहा तासांचा हवा.

आता वरच्या वेटरचा हिशेब करू. ११ तासांप्रमाणे आठवड्याला ७७ तास काम होते. पहिल्या मापदंडाने हे नियमाबाहेर आहे, दुसऱ्याने नियमात. आठवड्याचे १६८ तास असतात. त्यातून ७७ तास विश्रांती वजा केली तर ९१ उरतात, म्हणजे दुसऱ्या मापदंडात रोज सरासरी १३ तास कामही कागदावर बसू शकते.

कोणता मापदंड लागू होणार, हे जहाजाच्या ध्वजावर ठरते. ‘क्वीन मेरी २’ इंग्लंडहून सुटते, पण २०११ पासून तिच्यावर नोंदणीचे बंदर म्हणून हॅमिल्टन लिहिलेले आहे, म्हणजे नोंदणी बर्म्युडाची. अनेक क्रूझ जहाजे बहामा, पनामा, माल्टा यांच्या ध्वजाखाली चालतात. कंपनी अमेरिकी, कर्मचारी भारतीय, कायदा तिसऱ्याच देशाचा, असे चित्र नेहमीचे आहे.

दौंडमध्ये रेल्वेत काम करणाऱ्या घरांना ‘रनिंग रूम’ आणि दोन फेऱ्यांमधली सक्तीची विश्रांती यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. जहाजावरही विश्रांतीच्या तासांची रोजची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. तीवर कर्मचाऱ्याची सही लागते आणि तिची प्रत त्याला मिळायला हवी. प्रत्यक्षात न मिळालेल्या विश्रांतीवर सही केली तर पुढे तक्रारीला आधार राहत नाही.

राहणे मोफत, पण कसे?

मालवाहू जहाजावर प्रत्येकाला स्वतंत्र खोली देण्याचा नियम आहे. प्रवासी जहाजांना त्यातून सूट आहे. तेथे अधिकारी नसलेल्या दोघांच्या खोलीसाठी किमान ७.५ चौरस मीटर, तर चौघांसाठी १४.५ चौरस मीटर जागा हवी. ७.५ चौरस मीटर म्हणजे साधारण दहा बाय आठची खोली, त्यात वर-खाली दोन बंक. बऱ्याच खोल्या पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकी नसलेल्या असतात.

इंटरनेटबाबत मात्र सुधारणा झाली आहे. २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, शक्य तेथे कर्मचाऱ्यांना इंटरनेट द्यावे आणि शुल्क घेतलेच तर ते वाजवी असावे. तरी वेळेचा पेच राहतोच. मध्य अटलांटिकवर रात्री अकराला काम आवरून फोन लावला तर दौंडमध्ये सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आई चहा करत असते आणि मुलगा झोपायला निघालेला असतो.

संकटात काय होते?

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज जपानच्या योकोहामा बंदरात करोनामुळे अडकले. जहाजावर सुमारे ३७०० जण होते, सातशेहून अधिक जणांना लागण झाली. १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोलीत विलगीकरणात होते, पण त्यांच्या दारापर्यंत जेवण पोहोचवण्याचे काम कर्मचाऱ्यांकडेच होते, आणि झोपायला त्यांना पुन्हा सामायिक खोलीच होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘मारेला डिस्कव्हरी’वरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबई दिसत असतानाही उतरू शकत नव्हते. केंद्राने कार्यपद्धती ठरवल्यावर २३ एप्रिलला ते उतरले.

शिरूर-दौंडहून जाण्यापूर्वी काय तपासावे?

१) भरती करणाऱ्या संस्थेकडे आरपीएसएल परवाना आहे का? परवानाधारक संस्थांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर मिळते. कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. परवाना क्रमांक जाहिरातीत पाहून थांबू नये, तो यादीत स्वतः शोधावा.

२) नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागितले जात आहेत का? करारानुसार नाविकाकडून भरतीचे शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी यांचा खर्च त्याच्याकडे येऊ शकतो, व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा. ‘जागा पक्की करायला’ दोन-चार लाख मागणारा येथेच उघडा पडतो.

३) प्रशिक्षण संस्था मान्यताप्राप्त आहे का? जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा हे ‘एसटीसीडब्ल्यू’चे प्राथमिक अभ्यासक्रम डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या संस्थेतूनच ग्राह्य धरले जातात. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका त्याला पर्याय नाही.

४) करारपत्र जाण्यापूर्वी हातात आले का? त्यात मूळ पगार किती, टिपवर किती अवलंबून, आठवड्याला किती तास, जादा कामाचा दर काय, जहाजाचा ध्वज कोणता, हे पाहावे. परतीचा खर्च करार पूर्ण झाल्यावर मालकाने करायचा असतो आणि सलग सेवा बारा महिन्यांच्या आत संपायला हवी.

मग ही नोकरी करावी की नाही?

ही नोकरी वाईट नाही. राहण्या-जेवणाचा खर्च नसल्याने शिल्लक चांगली पडू शकते, जग दिसते, शिस्त लागते. गोव्यात आणि कोकणात बोटीवरच्या पगारावर उभी राहिलेली घरे आहेत. पण त्या घरांकडे एक गोष्ट असते, जी शिरूर-दौंडच्या घरात सहसा नसते : काका, मामा, शेजारी यांच्याकडून पिढीजात मिळालेली माहिती. कोणत्या एजंटकडे जायचे नाही, कोणत्या कागदावर सही करायची नाही, हे तेथे जेवताना कळते. येथे त्याची किंमत काही लाखांत मोजावी लागू शकते.

म्हणून जाहिरातीतला फोटो पाहताना लक्षात ठेवावे, की त्यात दिसतो तो प्रवाशाचा दिवस आहे. आपण ज्या दिवसासाठी सही करणार आहोत, तो करारपत्रात तासांच्या रकान्यात लिहिलेला असतो. आधी तो वाचावा, मग बॅग भरावी.