गोळी आणि सबुरी

रमजान आला की मन उदास असलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो : 'रोजे धर, नमाज पढ, सगळे ठीक होईल.' सांगणाऱ्याची नियत साफ असते, आणि त्यात तथ्यही आहे. सहरीला अख्खे घर उठते, इफ्तारला शेजारी ताट धाडतो, तरावीहला रोज त्याच सफमध्ये तीच माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. एकटा पडलेला माणूस महिनाभर तरी माणसांत येतो. वारीला जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

अडचण पुढे आहे. तरीही बरे वाटले नाही, तर 'ईमान कमजोर' म्हणून लोक मोकळे होतात. कुरआनातले हजरत याकूब यूसुफच्या विरहात इतके रडले, की त्यांची नजर गेली. ते तर पैगंबर होते! दहाव्या शतकात वारलेल्या अबू जैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख वेगळे आणि कारणाशिवाय येणारी उदासी वेगळी, असे सांगून दुसरीचे मूळ त्याने शरीरात शोधले.

खरी काळजी आहे ती या महिन्यात परस्पर बंद होणाऱ्या गोळ्यांची. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे. मनाचा आजार त्यातून वगळायचा कोणी? लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले, तर ते औषध रक्तात साचून विषासारखे ठरू शकते. मधुमेहाच्या रुग्णाला आपण 'जिवाला जप' म्हणतो. याला मात्र सबुरी शिकवतो.

२००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. याउलट गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमात मुजावरच भाविकांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. मन्नतही राहिली, औषधही सुरू झाले.

आपल्या गावात जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी यावर पाच मिनिटे दिली, तरी पुष्कळ घरांत फरक पडेल. गोळीची वेळ सहरी-इफ्तारला बसवता येईल का, की यंदा रोजे नकोत, हे डॉक्टरांनाच विचारावे. डॉक्टर गाठणे जमत नसेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे : १४४१६. चोवीस तास, मोफत. मराठीतही बोलता येते.